बुणगे कोण घेणार?

मोना, ऐक ना. मध्ये बोलू नकोस, चहा घे आणि फक्त ऐक. शनिवारपासून हे डोक्यात घेऊन फिरतेय मी, एकदा सांगून टाकल्याशिवाय मला काही सुचणार नाहीये.

तुला माहितीये ना, आईची मैत्रीण नेपरव्हिलला राहते, सुनेत्राकाकू? तिनं संक्रांतीला बोलावलं होतं. गुळाच्या पोळ्या म्हटल्यावर मी कशाला नाही म्हणतेय! सकाळची ट्रेन पकडली. काकू स्टेशनवर न्यायला आली, बाहेर ढीगभर बर्फ, आणि गाडीत बसल्या बसल्या मला म्हणते, "उत्तरा, आज आमच्या बेसमेंटमध्ये पानिपत आहे हं."

मला वाटलं पिक्चर लावलाय.

"पिक्चर नाही गं, युद्ध. दरवर्षी असतं. सकाळी सुरू होतं, दुपारी विश्वासराव पडले की सगळे वर जेवायला येतात. मी त्या हिशेबानंच पोळ्या लाटायला घेते."

हे इतक्या सहज म्हणाली यार, जसं काही विश्वासराव म्हणजे कुकरची शिट्टी.

तर झालं असं, की त्यांचा एक ग्रुप आहे. काकूचा नवरा शैलेंद्रकाका, त्यांचा ऑफिसातला दोस्त यतीन, काकूचा मुलगा देवांग कॉलेजातून सुट्टीला आला असेल तर तो, आणि ईश्वरकाका. ईश्वरकाकांनी हा खेळ बनवलाय. म्हणजे स्वतः. घरी. पानिपतच्या लढाईचा बोर्डगेम, पण ल्यूडोसारखा नाही गं, प्रचंड. नियमांचीच एक जाडजूड फाइल आहे. आणि ते कुणी इतिहासाचे प्रोफेसर वगैरे नाहीत. नागपूरहून इंजिनियर म्हणून आले होते, एका मंदीत नोकरी गेली, तात्पुरती म्हणून स्कूल बसच्या डिस्पॅच ऑफिसात लागले आणि तिथूनच रिटायर झाले. कुठली बस कुठल्या गल्लीत, कोण ड्रायव्हर आजारी, हेच आयुष्यभर.

आम्ही घरी पोचलो तर ते अजून आले नव्हते. शैलेंद्रकाकांनी आम्हाला किचनमध्ये गोळा केलं, आवाज खाली केला, अगदी मुलीच्या सासरचे यायच्या आधी करतात तसा.

"हे बघा, ईश्वर पुढच्या आठवड्यात चाललाय. बेलव्ह्यूला, पार पश्चिम किनाऱ्याला, उपासनाकडे. कायमचा. मुलगी ऐकतच नाही आता, त्याचे डोळे फारच गेलेत. समोरचं मधलं काहीच दिसत नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं. म्हणजे फासे आपणच वाचून सांगायचे. तेव्हा जरा... सांभाळून घ्या. शेवटचा गेम आहे त्याचा. जिंकू दे त्याला."

देवांग दुधात सीरियल खात उभा होता. "सो वी आर चीटिंग."

"चीटिंग नाही रे. सांभाळून घेणं."

"व्हॉट्स द डिफरन्स?"

"डिफरन्स असा, की तू गप्प बसायचंस," काकू म्हणाली.

आणि आम्ही सगळे हसलो. मी पण. लक्षात ठेव हं, मी पण हसले.

मग ते आले. दोन मोठे प्लास्टिकचे डबे घेऊन, बूट झटकत. बारीक चणीचे आहेत, डोक्याला कानटोपी. मला म्हणाले, "तू उत्तरा नं? ये बेटा." आणि बघत होते माझ्या कानाकडे. मी दोनदा कानातलं चाचपून बघितलं. मग कळलं, माणूस दिसावा म्हणून त्यांना थोडं बाजूला बघावं लागतं.

बेसमेंटमध्ये टेबल टेनिसचं टेबल, त्यावर त्यांनी नकाशा अंथरला. षटकोनी घरं आखलेला, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. वर पानिपत गाव, बाजूला यमुना, खाली दिल्लीकडची बाजू. आणि पुठ्ठ्याच्या चौकोनी सोंगट्या, नखाएवढ्या, प्रत्येकीवर बारीक अक्षरात लिहिलेलं. मांडताना त्यांना एकही वाचता येत नव्हती. डब्यातल्या कुठल्या कप्प्यात काय आहे हे हाताला ठाऊक. गारदी इकडे, तोफा तिकडे, हुजुरात मध्ये. त्यांचे हात भराभर चालत होते आणि नजर दुसरीकडेच, भिंतीवरच्या थर्मोस्टॅटकडे.

"चला," शैलेंद्रकाका म्हणाले, "मी भाऊसाहेब."

"तुम्ही दरवर्षी भाऊसाहेब!" यतीन म्हणाला.

"बेसमेंट माझं आहे. तू होळकर."

"म्हणजे मी परत पळून जायचं."

"तुला लवकर जेवायचं असतंच."

देवांगला तोफखाना दिला, इब्राहिमखान. तो म्हणाला, "कूल, आय गेट द गन्स." आणि अब्दाली कोण? कुणीच नाही! दरवर्षीचं म्हणे हेच, मराठी माणूस कुणी अब्दाली व्हायला तयार नसतो, मग ईश्वरकाका होतात. त्यांचाच खेळ आणि त्यांनाच शत्रू व्हावं लागतं, कारण नाहीतर खेळच होणार नाही.

मग त्यांनी विचारलं, "बुणगे कोण घेणार?"

सगळे एकदम फोनमध्ये बघायला लागले. खरंच.

मी विचारलं, बुणगे म्हणजे?

"न लढणारी जनता," यतीन म्हणाला. "सैन्याबरोबर आलेली. यात्रेकरू, बायका, पाणके, लोहार, कासार, सगळा बाजार. काही करत नाहीत, नुसते खातात. पानिपत हरलो ना आपण, ते यांच्यामुळे."

"ते कसे हरले?" ईश्वरकाका सोंगट्या लावत लावत म्हणाले. "ते तर लढतच नव्हते."

"अरे पण ईश्वर, जगात कुणी बुणग्यांसकट वॉरगेम बनवतं का?" शैलेंद्रकाका म्हणाले. "प्रत्येक टर्नला त्यांना दाणागोटा द्या, नाही दिला तर माझे घोडे दमतात. माझं अर्धं डोकं त्यांच्या जेवणात जातं. किती वर्षं सांगतोय, काढ तो नियम."

"सुनेत्रावैनीला सांग, तुझं जेवण पण काढून टाकायला."

यतीन फिसकन हसला. शैलेंद्रकाकासुद्धा हसले, पण म्हणाले, "नाही, सीरियसली. आमच्या घराण्यातले दोघं पडले पानिपतावर. माझ्या दृष्टीनं हा काही चेष्टेचा विषय नाही."

"माझेही होते तिथं," ईश्वरकाका म्हणाले. अगदी साधेपणानं, चहात साखर किती हे सांगावं तसं. "नावं नाही माहीत. घराण्यात लिहून ठेवायला कोणी नव्हतं. पण एवढी मोठी छावणी काय आपोआप चालत होती? राखण करायला, निरोप न्यायला, मेलेली जनावरं ओढायला कोणी होतं नं? ते कोणत्या रांगेत असतील, तुम्हीच सांगा."

सगळे परत फोनमध्ये. बेसमेंटमधली ती भट्टी नाही का, घर गरम करणारी, ती धडधडत सुरू झाली. आणि मोना, मला वाटतं ते मला बघवेना म्हणून मी म्हटलं, "मी घेते बुणगे."

त्यांनी पांढऱ्या सोंगट्यांची मूठ माझ्यासमोर रिकामी केली. "बस इथं, सगळ्यात मागं. तुला दुपारपर्यंत काही काम नाही."

खरंच नव्हतं. मी मागे बसून तिळगूळ खात होते आणि दर टर्नला भाऊसाहेबांकडे खायला मागत होते. "भाऊ, माझ्या लोकांना भूक लागली." "अगं बाई, परवाच दिलं ना!" असं आमचं चाललेलं. मजा येत होती, खरं सांगते. देवांग तोफा उडवताना तोंडानं आवाज काढत होता, एवढा मोठा घोडा.

पण फासे सुरू झाले ना, तिथे सगळं गंडलं.

म्हणजे बघ. ईश्वरकाका फासा टाकायचे, डब्याच्या झाकणात, घरंगळू नये म्हणून. आणि विचारायचे, "किती?" आणि शैलेंद्रकाका वाकून बघायचे. पडलेले असायचे दोन. सांगायचे, "सहा! काय नशीब आहे रे तुझं!" परत टाकायचे. यतीन सांगायचा, "पाच!" पडलेला एक. अब्दालीचं सैन्य नुसतं पुढे पुढे. आणि मी बघत होते, ईश्वरकाकांचा चेहरा दर सहाला थोडा थोडा उतरत होता. आधी मला कळेचना. माणूस जिंकतोय आणि असं तोंड? मग डोक्यात प्रकाश पडला. अगं, त्यांना अब्दाली जिंकायला नकोच होता ना! ते इतकी वर्षं अब्दाली होत होते ते नाइलाजानं! आणि आम्ही प्रेमानं, सांभाळून घेत घेत, त्यांच्याच लोकांवर घोडे घालत होतो.

मी शैलेंद्रकाकांना डोळ्यांनी खुणावलं. त्यांनी मलाच अंगठा दाखवला, 'मस्त चाललंय' असा.

"आज फार सहा पडतायत मला," ईश्वरकाका एकदा म्हणाले.

"शेवटच्या गेमला नशीब उघडलं बघ!"

"हं," ते म्हणाले. बस, एवढंच.

तर विश्वासराव पडले, नेहमीपेक्षा खूपच आधी. वर काकूच्या पोळ्या अजून तव्यावरच होत्या. सगळे उठले, टाळ्या, ईश्वरकाकांच्या पाठीवर थापा, "जिंकलास लेका! मानलं!" यतीननं सेल्फी काढला. आणि लगेच होळकरांनी जिन्याची वाट धरली.

"अजून संपलं नाही," ईश्वरकाका म्हणाले.

"आता काय राहिलंय?"

"बुणगे आहेत नं."

शैलेंद्रकाका थांबले. वाईट माणूस नाहीये तो, मोना, खरंच नाही. पण भूक लागली होती, आणि त्यांची लढाई झाली होती. म्हणाले, "ते तू आणि उत्तरा बघा, आणि या वर. गरम गरम वाढतोय." आणि गेले. सगळे गेले. जिन्यावरचे पाय, वर खुर्च्या सरकल्याचा आवाज, तूप गरम झाल्याचा वास.

मला पण जायचं होतं गं. पोटात कावळे ओरडत होते.

"तू पण जा बेटा," ते म्हणाले. पण टेबलाच्या कडेवरचा हात काही काढला नाही त्यांनी. "दरवर्षी इथंच थांबतो आपण. पुढचे नियम लिहून ठेवलेत, कधी खेळलोच नाही. मला एकदा पाहायचं होतं, यातले किती बाहेर निघतात. बाकी काही नाही."

म्हणजे बघ, इतकी वर्षं! आधीचं सगळं, तोफा, हत्ती, ते सगळं नुसतं इथपर्यंत यायला होतं. आणि इथे आलं की लोक जेवायला उठायचे. मी खाली बसले. म्हटलं, "सांगा काका, कसं खेळायचं?"

सोपं होतं. पांढरी सोंगटी दर टर्नला एक घर खाली सरकते, दिल्लीच्या दिशेनं. पण मागावर अब्दालीचे घोडेस्वार. म्हणून प्रत्येक सोंगटीसाठी एक फासा. पाच किंवा सहा पडले की ती सापडली, गेली डब्यात. नाहीतर सुटली, पुढे चल. नकाशाच्या खालच्या कडेबाहेर गेली की वाचली.

"पाच-सहाच का?" मी विचारलं.

"खरं म्हणजे तीनपासून धरायला पाहिजे होतं. कुठं निघाले एवढे लोक?" ते म्हणाले. "पण लिहिताना हात नाही धजला. सूट दिली थोडी. नियमातच दिली."

मग मी एकेक वाचत गेले. "काका, ही कासार." "हं, सरकव." फासा. "किती?" "तीन." "चल पुढं." "ही यात्रेकरू बायका." फासा. "किती?"

पाच पडला होता.

मोना, ते माझ्या कानाकडे बघत होते. ओठ थोडेसे उघडे. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "चार."

त्यांनी श्वास सोडला. मला ऐकू आला. म्हणाले, "गेल्या पुढं. छान." आणि मला इतकं छान वाटलं ना, की पुढचा सहा पडला, लोहारांचा, तोही मी दोन म्हणून सांगितला. वाटलं, सकाळपासून चुकीच्या बाजूनं खोटं बोललोय आपण, आता निदान बरोबर बाजूनं बोलतेय. पाणके खरंच पडले हं, त्यांचा सहा मी सांगितला. सगळेच कसे सुटतील, संशय येईल ना, म्हणून! बघ, मी केवढी हुशार.

खेळता खेळता ते बोलत होते. बसच्या ऑफिसचं. प्रत्येक ड्रायव्हरनं फेरी संपली की बसमध्ये शेवटच्या सीटपर्यंत चालत जाऊन बघायचं असतं, एखादं पोरगं झोपून राहिलंय का. मग रेडिओवर सांगायचं, बस रिकामी. "बर्फाच्या दिवशी गाड्या अडकायच्या. बाकीचा स्टाफ घरी निघून जायचा, ऑफिसर लोक तर दुपारीच. मी बसायचो. शेवटची बस रिकामी झाली म्हणून ऐकलं की मग उठायचं. जेवण गार व्हायचं घरी. उपासनाची आई चिडायची." हसले. "तिला वाटायचं, मी मोठा साहेब आहे म्हणून बसतो. मी साहेब नव्हतो म्हणूनच बसायचो नं."

देवांग दोन ताटं घेऊन खाली आला. "मॉम सेड इट इट बिफोर इट्स कोल्ड." नकाशाकडे बघून म्हणाला, "वेट, यू गाइज आर स्टिल प्लेइंग? हू इज विनिंग?"

"बघतोय," ईश्वरकाका म्हणाले.

देवांगनं माझ्याकडे बघितलं, झाकणातल्या फाशाकडे बघितलं, मी नुकतंच काय सांगितलं होतं ते त्यानं ऐकलं होतं बहुतेक जिन्यातून. भुवया उडवल्या फक्त आणि गेला वर. ताटं तशीच राहिली. तूप थिजलं पोळीवर.

हळूहळू एकेक सोंगटी खालच्या कडेबाहेर गेली. यात्रेकरू बायका गेल्या. लोहार गेले. कासारांना खराखुरा एक पडला. काही डब्यात गेल्या, खऱ्या. शेवटी नकाशावर एकच पांढरी राहिली, कडेपासून एका घरावर.

मी वाचलं, "राखणदार."

"हो. ते शेवटी निघतात. छावणी उठली की राखणदार सगळ्यांच्या मागं, तसाच नियम आहे." मग म्हणाले, "हेच. मघाशी म्हटलं नं. आमचे असतील तर यात."

बेसमेंटला ती वरची चिंचोळी खिडकी असते ना, जमिनीलगत, तिच्यातून बर्फावरचं ऊन येत होतं, आता ते पण पिवळं पडलेलं. वर कुणीतरी मोठ्यानं हसलं. त्यांनी फासा हातात घेतला, बराच वेळ घोळवला. म्हणाले, "दिवसभर पाहतोय उत्तरा. सकाळी अब्दालीला सहावर सहा. दुपारी बाया-माणसं पळतायत तर घोडेस्वारांना एकदम तीन, चार, दोन." हसले, रागानं नाही. "एवढी वर्षं फासे टाकतोय मी. फासा असा कोणाच्या बाजूनं वागत नाही."

माझे कान गरम झाले. मी म्हटलं, "काका..."

"राहू दे. चांगलं वाटलं नं तुला? मलाही वाटलं. त्या बाया गेल्या, जाऊ दे त्यांना. परत नाही आणायच्या." आणि फासा टाकला.

झाकणात गरगर फिरला, कडेला आपटला, थांबला.

"किती?"

दोन. मोना, दोन! शप्पथ घेऊन सांगते, दोन ठिपके, स्वच्छ. मी ओरडलेच, "दोन! काका, दोन पडले! सुटले!"

ते फाशांची पिशवी चाचपायला लागले.

"खरंच दोन आहेत! तुमची शप्पथ, आईची शप्पथ, दोनच!"

"हो, हो," ते म्हणाले. किती मायेनं म्हणाले यार, एखादं लहान पोर आपल्याला वाचवायला खोटं बोलतं ना, तेव्हा म्हणतात तसं. आणि मला काही कळायच्या आत त्यांचा हात झाकणात गेला, फासा उचलला, पिशवीत टाकला, नाडी ओढली. दाखवायला काही उरलंच नाही. मग चाचपत चाचपत नकाशाच्या कडेपर्यंत आले, ती शेवटची पांढरी सोंगटी सापडली त्यांना, आणि त्यांनी ती उचलली. खाली नाही सरकवली. डब्यात ठेवली, सापडलेल्यांमध्ये.

"काका, नका ना! मी आता खोटं नाही बोलत!"

"बाकीच्यांना दिलीस सूट, चांगलं केलंस," ते म्हणाले. "यांना नको. हे कोणी सूट दिली म्हणून नाही जाणार."

ते नकाशाची घडी घालायला लागले. घडीवर घडी, जुन्या रेषा बरोबर जुळवून, अगदी कडक. मी नुसती उभी. वर जाऊन कुणाला बोलावू? शैलेंद्रकाकांना? ज्यांनी सकाळपासून सहा-सहा म्हणून सांगितलं त्यांना साक्षीला आणू? आणि त्यांनी तरी कुठे बघितला होता तो फासा? मीच बघितला होता फक्त. म्हणजे जगात एकच माणूस आहे ज्याला माहितीये की ते सुटले होते, आणि ती मी आहे, आणि माझ्यावर विश्वास ठेवण्यासारखं मी काही ठेवलंच नव्हतं.

एक विचार आला, डबा ते वर नेतील तेव्हा गुपचूप ती सोंगटी काढून घ्यावी. पण मग त्याचं करायचं काय?

डबे बंद करून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बरोबर सापडलं त्यांना डोकं. "चल, जेवून घे. पोळी गरम करून देईल सुनेत्रावैनी." आणि एका हातानं भिंत धरून, सावकाश, एकेक पायरी करत जिना चढायला लागले. मी डबे उचलून मागे. डबा हलला की आत सोंगट्या सरकायच्या. वर पोचल्यावर सगळ्यांनी विचारलं, "काय, किती निघाले?"

ते कानटोपी नीट करत होते. म्हणाले, "बरेच निघाले. तुमच्या उत्तरानं काढले."

आणि सगळे माझ्याकडे बघून हसले, टाळ्या वाजवल्या, काकूनं माझ्या पानात आणखी एक पोळी वाढली. मी ती खाल्ली, मोना. खाली मान घालून खाल्ली.

ते गुरुवारी जातायत. मी रोज फोन हातात घेते, नंबर काढते, आणि मग वाटतं, सांगणार काय? परत तेच, 'काका, खरंच दोन होते'? ते परत तसंच म्हणतील, हो हो. मायेनं.

आता तू बोल. खरं सांग मला, माझ्या जागी तू असतीस, त्या पहिल्या पाचला तू काय सांगितलं असतंस?